मुकादम जीजीची भिंत

मुकादम जीजी आमच्या घरी आली आणि तिनं पहिलं काम काय केलं, तर आप्पांचा चांगला हात बांधला. उजवा लुळा होता. डावा धड होता, आणि त्या डाव्यानं आप्पा निदान भाकरी खायचे. जीजीनं कमरेचा धडपा सोडला, डावा हात पोटाशी धरून आवळला, पुढ्यात मिरच्यांची पाटी ठेवली आणि म्हणाली, "आते खुड." माझी माय रडायला लागली. मी दारातून ओरडलो, हे काय चाललंय म्हणून. जीजीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तोपर्यंत आमची अवस्था काय होती ते सांगायला हवं. आप्पा नंदुरबारच्या मिरची बाजारात मापाडी होते. काट्यावर पोतं चढलं की त्यांचा आवाज सगळ्या बाजारात जायचा. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याला कॉलेजात नुकताच गेलो होतो. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी येईल त्याला सांगायचो. एक दिवस काट्याजवळच आप्पांचा उजवा हात खाली गेला, तोंड वाकडं झालं आणि आवाज गेला. लकवा. लोकांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, ते चोळलं. एरंडाचा पाला बांधायला सांगितला, तोही बांधला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पडून राहू द्या, यायचं ते येईल." माय मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायला लागली. मी ट्रंक भरून कॉलेज सोडून परत आलो. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे.

पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोठं मोकळं आवार. ओली लाल मिरची तिथे उन्हात पसरतात, वाळवतात, आणि एका बाजूच्या शेडमध्ये बाया बसून देठ खुडतात. त्या बायांची मुकादम ती जीजी. तोंडाला कायम फडकं बांधलेलं, कारण मिरचीचा ठसका. त्यामुळे तिचं बोलणं फडक्यातून यायचं आणि तरी शेडच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. कुणी बाई हात थांबवून गप्पा मारायला लागली की ती म्हणायची, "तोंडनी देठ निघतस का वं? निघत व्हतीन ते माले बी शिकाड." बाया हसायच्या आणि हात चालू व्हायचे.

हात बांधायचं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिचा नवरा गाडीवान होता. त्याला लकवा झाला तेव्हा घरी बघायला कुणी नाही, म्हणून ती त्याला पथारीवर आणून बसवायची. बसल्या बसल्या तो चांगल्या हातानं देठ खुडायचा. एकदा रागाच्या भरात त्यानं त्याच हातानं पाटी उलथवली. जीजीनंही रागानंच तो हात बांधून टाकला. थोड्या वेळानं पाहते तर लुळ्या हाताची दोन बोटं मिरचीवर सरकत होती. तिचं म्हणणं असं, "चांगला हात लाडका व्हयी जास. मंग तो दुसराले काम करू देत नही." यापलीकडे तिचं शास्त्र नव्हतं.

आप्पांना आम्ही हातगाडीवर घालून पथारीवर न्यायला लागलो. बायांच्या रांगेत एक पुरुष माणूस, तोही बाजारात ज्याच्या आवाजाला वजन होतं तो. पहिले आठ दिवस त्यांनी मान वर केली नाही. जीजी रोज एकच प्रश्न विचारायची, "आप्पा, आग व्हस का?" मिरची खुडणाऱ्याच्या बोटांची आग होतेच. बाया संध्याकाळी ताकात हात बुडवून बसतात. पण लुळ्या हाताला ती आगही कळत नाही. आप्पा मान हलवायचे, नाही. महिन्याभरानं एका दुपारी आप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी धावलो. आप्पा जड जिभेनं म्हणाले, "आग... व्हस." जीजीनं शेडमधल्या सगळ्या बायांना गूळ वाटला. आग झाली म्हणून गूळ वाटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या शेडला एक मातीची भिंत होती, चुन्यानं पांढरी केलेली. जीजीला लिहिता येत नव्हतं. आप्पांसारखे लकव्याचे आणखीही लोक तिच्याकडे यायचे, आणि भिंतीवर कोळशानं ती त्या प्रत्येकाची एक रांग धरायची. रांगेच्या सुरुवातीला त्या माणसाची खूण. आप्पांचा काटा. एका शिंप्याची कात्री. शहाद्याकडच्या एका गुजर पाटलाचं केळीचं पान. आणि पुढे रेघा. लुळ्या हातानं एक पाटी भरली की एक रेघ, तीही तिनं पाटीत हात घालून, देठ राहिले नाहीत ना हे पाहिल्यावर. आप्पा एकदा दोन रेघांसाठी भांडले. जीजी म्हणाली, "काटावर माप मारत व्हतात तशे आठे मारू नका." अख्खी शेड हसली, आणि लकव्यानंतर आप्पा पहिल्यांदा हसले ते तेव्हा. तोंड वाकडंच होतं, पण हसले.

आता भिंतीची दुसरी बाजू. दिवाळीला पथारीचा मालक शेठ सगळं आवार चुन्यानं रंगवून घ्यायचा. लक्ष्मी येते म्हणून. दिवाळीनंतर नवीन मिरची यायची आणि जीजी भिंत पुन्हा मांडायची, पण जे येत होते त्यांचीच. जे मध्येच यायचे बंद झाले त्यांची रांग परत काढायची नाही. जो मेला त्याची रांग तर ती दिवाळीचीही वाट न पाहता दहाव्याच्या दिवशी पाण्यानं पुसायची. मेलेल्याची खूण जिवंत माणसांच्या खुणांशेजारी ठेवू नये, अशी आमच्याकडची समजूत. घरचे लोकच येऊन सांगायचे, "जीजी, पुशी टाक." यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

जीजीला स्वतःला मात्र एक किडा होता डोक्यात. तापीकाठच्या प्रकाशा गावी एक नावाडी होता. त्याला आणि आप्पांना एकाच आठवड्यात लकवा झाला होता. त्याच्या घरच्यांनी त्याला पथारीवर आणायला साफ नकार दिला होता. वर्षभरानं जीजीनं मला बरोबर घेतलं आणि आम्ही बसनं प्रकाशाला गेलो, केवळ त्याला बघायला. नावाडी ओट्यावर बसला होता. त्यानं स्वतः उठून आम्हाला पाणी दिलं. पेला उजव्या हातात होता, आणि उजवाच गेला होता त्याचा. तो म्हणाला, तापीच्या पाण्यानं बरं वाटलं. जीजी तो पेला बराच वेळ बघत राहिली.  परतीच्या बसमध्ये, नंदुरबार जवळ आल्यावर, ती म्हणाली, "तेन्हा हात कोनी बांधा नही. घर बशेल मानूस बी बरा व्हस. मंग मन्हं काय?" मी म्हणालो, एखाद्याचं नशीब. ती म्हणाली, "नशीब शे का मन्हा हात शे, हाई कशे समजावं?"  कॉलेजात मी परत गेलो होतो, पण हा प्रश्न तिथेही कुणी शिकवला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातले डॉक्टर आले. त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना पथारीची गोष्ट सांगितली होती. माणूस चांगला होता, हे मी आजही म्हणेन. शेडमध्ये येताच शिंकून शिंकून बेजार झाला, तरी दोन दिवस बसला. जीजीची अहिराणी त्यांना उमजेना, म्हणून मी मध्ये. कॉलेजवाला म्हणून सगळ्या बायांनी मलाच पुढे केलं होतं आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. डॉक्टरांनी भिंतीचे फोटो काढले. दिवाळी होऊन महिना झाला होता. भिंत ताजी होती. तिच्यावर जितक्या रांगा होत्या, त्या सगळ्या वाढत गेलेल्या होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, "आणि ज्यांना गुण आला नाही, ते?" प्रश्न बरोबर होता. जीजीनं फडकं खाली ओढून सविस्तर सांगितलं, "जो येत नही तेन्ही रांग मी परत काढत नही. मरना तेन्ही पुशी टाकस. एक चक्कीवाला व्हता, हात बांधेल व्हता आन चालाले गया, पडना, कंबर मोडनी. तेन्ही बी नही." डॉक्टर माझ्याकडे वळले. मी भिंतीवरच्या आप्पांच्या काट्याकडे पाहिलं. हा काटा मुंबईला जाणार होता, छापून येणार होता. मी म्हणालो, "बाई म्हणते, ती दर दिवाळीला भिंत नव्यानं मांडते." डॉक्टर खूश झाले. दरवर्षी नवी नोंद, असं त्यांनी वहीत लिहिलं. जीजीला वाटलं, मी सगळं सांगितलं.

लेख छापून आला तो इंग्रजीत. डॉक्टरांनी एक प्रत माझ्या नावानं पाठवली. डिक्शनरी घेऊन मी दोन दिवस वाचला आणि मग पथारीवर जाऊन उभ्यानं मराठीत सांगितला. आप्पा त्यात होते, नाव नाही, पण मापाडी म्हणून होते. "रुग्ण कामावर परतला," असं लिहिलं होतं. कामावर परतला हे खोटं नव्हतं. आप्पा रोज पथारीवर बायांच्या रांगेत देठ खुडत होते. काट्यावर ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. त्यांचा हात मिरचीएवढा परत आला, पोत्याएवढा नाही. हे लेखात नव्हतं. माय म्हणाली, "मुंबईले छापाई गया तुन्हा बाप." आप्पांनी पुढची मिरची उचलली.

त्यानंतर लोक यायला लागले. आधी सुरतेकडून, मग भुसावळकडून. कुणाला त्यांच्या गावच्या डॉक्टरनं सांगितलेलं, कुणी कुठल्या मासिकात वाचलेलं. शेठनं शेडमागे एक जास्तीचं पत्र्याचं छप्पर घालून दिलं. जीजी प्रत्येकाला सांगायची, "माले माहीत नही तू बरा व्हशी का नही." लोकांना तो तिचा विनय वाटायचा. मला म्हणायची, "कालेजवाला, इंग्रजीमा 'माले माहीत नही' आशे काय म्हनतस?" मी सांगितलं. तिनं ते दोन-तीनदा घोकलं. "हाई त्या कागदमा शे का?" मी म्हणालो, नाही.

मग ती म्हातारी आली. तापीलाइन रेल्वेवरच्या कुठल्याशा गावची. मुलगा तिला गाडीतून उचलून आणि स्टेशनवरून टांग्यात घालून घेऊन आला. त्यानं आईचा चांगला हात घरीच बांधला होता. लेखात वाचलेल्या कुणीतरी सांगितलं म्हणून, उठता-बसता, दिवसभर. तोल गेला तेव्हा धरायला तिला हातच मोकळा नव्हता. मांडीचं हाड मोडलं. आता लकवाही होता आणि मोडलेला पायही. मुलगा हात जोडून म्हणत होता, "तुमीच बांधा हो जीजी, आमचं बांधनं चुकलं." जीजी खाली बसली. तिनं म्हातारीचा तो बांधलेला हात सोडला, आणि दंडावरचा वळ अंगठ्यानं चोळत राहिली. चक्कीवाला पडला तेव्हापासून ती फक्त बसलेल्या माणसाचा हात बांधायची आणि पाटी भरली की सोडायची. तेवढं तिला त्या पडण्यानं शिकवलं होतं. पण चक्कीवाला भिंतीवर नव्हता.

मुलगा आईला घेऊन परत गेला. जीजीनं मला विचारलं, "त्या कागदमा पडेल मानूस शे का?"

"नही."

"मी सांगं व्हतं ना?"

"व्हय."

"तू नही सांगं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आप्पा तिथेच बसले होते, त्यांनी ऐकलं.  मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, घराण्यातला पहिला, आणि एका बाईचं एक वाक्य मी अर्धं सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांना पत्र लिहिलं, जीजीच्या समोर बसून. माझी चूकही लिहिली. उत्तर पंधरा दिवसांनी आलं, सुरेख अक्षरात. बाईंच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, परंतु लेखातील नोंदी आपण भिंतीवर प्रत्यक्ष पाहिल्या आहेत व त्यांचे फोटो उपलब्ध आहेत. वाचून दाखवल्यावर जीजी म्हणाली, "बरोबर शे. भिंतवर जे नही ते तो कशे देखी?"

मग तिनं जे केलं ते मी अजून विसरलो नाही. मागच्या सगळ्या वर्षांतली माणसं ती आठवायला बसली. खुडता खुडता एकेक बाई सांगायची, तो कुंभार नव्हता का, ती पाटलीणबाई, तो रेल्वेचा लाल कंदीलवाला. जीजी उठून कोळशानं खूण काढायची. रेघा किती, यावर वाद व्हायचे. जे कुणालाच नक्की आठवेना, तिथे ती रेघ न काढता नुसता भोपळा काढायची आणि म्हणायची, "आठे माले माहीत नही." चक्की आली. तिच्यापुढे सहा रेघा आणि मग एक आडवा माणूस. बऱ्याच रांगा दोन-चार रेघांवर संपत होत्या. तीन दिवसांत ती भिंत अशी भरली की आप्पांचा काटा शोधावा लागायचा.

सगळ्यात शेवटी, खाली कोपऱ्यात, तिनं गाडीचं चाक काढलं. चाकापुढे खूप रेघा. मी विचारलं, हा कोण? म्हणाली, "मन्हा घरधनी." वर्षभर त्याचा हात सुधारत गेला होता, आणि मग दुसऱ्या झटक्यात तो गेला. पहिली पुसलेली रांग तीच होती, तिनं स्वतःच्या हातानं पुसलेली. मी वही काढली होती, दोन बाजू पाडल्या होत्या, गुण आलेले आणि न आलेले. विचारलं, याला कुठे लिहू? ती चाकाकडे वळली. म्हणाली, "रेघा बी लिख, मरना ते बी लिख. आख्खा लिख."

दिवाळी आली तेव्हा शेठनं चुना आणला. मेलेल्यांच्या खुणा असलेल्या भिंतीसमोर लक्ष्मी कशी बसेल, हे त्याचं म्हणणं, आणि त्याचंही खरंच होतं. जीजी त्याच्याशी भांडली नाही. तिनं मिरचीची रिकामी पोती उसवून शिवली आणि त्या भिंतीवर पडद्यासारखी टांगली. पाडव्याला पडदा काढला. शेठनं हात जोडले आणि म्हणाला, "जीजी, तू हायेस तोवर राहू दे ही भिंत."

वहीतली सगळी भिंत मी नकलून डॉक्टरांना पाठवली, भोपळ्यांसकट. महिना गेला, वर्ष गेलं. मी पास झालो. धुळ्याला हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो. सुट्टीत गेलो की जीजी विचारायची, "कागद उना का?" आणि मी म्हणायचो, नाही आला. मिरचीच्या धुळीनं तिची छाती भरत चालली होती. वाक्य पुरं करताना तिला दोनदा थांबावं लागे. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, "पोऱ्या, तू नको... दुखी व्हऊ. माले बी... आधी पुसताना... काही वाटनं नही." एका पावसाळ्यात, पथारी बंद असताना, ती तिच्या भावाच्या गावी वारली. मला आठ दिवसांनी कळलं. त्या दिवाळीत शेठनं भिंतीला चुना दिला. त्याचा शब्द तेवढाच होता, आणि त्यानं तो पाळला.

डॉक्टरांचं पाकीट त्यानंतरच्या उन्हाळ्यात आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. एका अंकाचं शेवटचं पान होतं आणि तळाशी बारीक अक्षरांत चार ओळी. आपल्या पूर्वीच्या लेखात मध्येच येणं थांबवलेले व मरण पावलेले रुग्ण धरलेले नव्हते. त्यांना धरल्यास उपचाराचा गुण सिद्ध होत नाही. हात बांधलेल्या अवस्थेत पडून एकास इजा झाली होती. घरी राहून बरे होणाऱ्यांशी तुलना केलेली नाही. ही शेवटची ओळ वाचताना मला प्रकाशाच्या नावाड्याचा पेला आठवला. तो मी माझ्या पत्रात, अगदी खाली, लिहिला होता.

त्या चार ओळी कुणी वाचल्या, मला ठाऊक नाही. पुढे धुळ्यातच एका तरुण डॉक्टरला मी एका पेशंटचा हात बांधायला सांगताना ऐकलं. लेख त्याला पाठ होता. चार ओळींचं विचारलं, तर म्हणाला, "असं काही आहे का?" मी त्याला नक्कल नेऊन दिली. त्यानं ती खिशात ठेवली.

पाकीट आलं त्या रविवारी मी नंदुरबारला गेलो आणि शेडमध्ये उभा राहून त्या ओळी मराठीत वाचल्या. भिंत कोरी होती. बाया खुडत होत्या. आप्पा रांगेच्या टोकाला बसले होते. पाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "जीजीनं नाव शे का?"

"नही."

"चाक?"

"चाक धरेल शे, आप्पा."

त्यांनी उजव्या हातानं पुढची मिरची उचलली. भिंतीवरून पुसलेली सगळी माणसं एकदा मोजली गेली, आणि ते छापून आलं. एवढं झालं.